पाथरीत सूर्य, सेलूच्या पुढे व्हॉयेजर

कोटीत एखादा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जे पकडलं, त्याचं प्रमाण साधारण एवढंच आहे. द्रवातून जाणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे एक कोटी कणांमागे एखादाच कण रंग बदलून बाहेर पडतो. बाकीचे जसे आले तसे जातात. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. या हिशेबानं अख्ख्या जिल्ह्यात असा एकही माणूस सापडण्याची खात्री नाही. महाराष्ट्र पालथा घातला तर अकरा मिळतील. रामन यांनी ते अकरा जण शोधले आणि १९३० मध्ये नोबेल मिळवलं.

त्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. शाळांतली विज्ञान प्रदर्शनं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, पाणी गाळायची बाटली, ठिबक सिंचनाचं मॉडेल आणि टेबलावर थर्माकोलची ग्रहमाला. ज्वालामुखीबद्दल तक्रार नाही, तो फसफसतो आणि पोरं खूश होतात. तक्रार ग्रहमालेबद्दल आहे. सहा फुटी टेबलाच्या एका टोकाला सूर्य आणि दुसऱ्या टोकाला नेपच्यून ठेवायचा, तर खऱ्या प्रमाणात सूर्य खसखशीच्या दाण्याहून बारीक करावा लागेल आणि पृथ्वी केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान होईल. म्हणजे टेबल रिकामंच दिसेल. थर्माकोलचे गोळे रंगवून शेजारी शेजारी मांडले की नेमकं तेच लपतं, जे दाखवायचं होतं.

तेव्हा टेबल सोडावं आणि गाव घ्यावं. परभणी जिल्ह्यातली पाथरी त्याला अगदी बेताची आहे.

सगळं शंभर कोटी पटींनी लहान करू. खरे दहा लाख किलोमीटर म्हणजे आपला एक मीटर. शाळेच्या मैदानावर सूर्य ठेवायचा, १ मीटर ३९ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे पाचवीतल्या पोराच्या उंचीचा. ५८ मीटरवर बुध, तुरीचा दाणा. १०८ मीटरवर शुक्र, चिंचोका. १५० मीटरवर पृथ्वी, तीही चिंचोकाच. तिच्यापासून ३८ सेंटीमीटरवर चंद्र, ज्वारीचा दाणा. माणूस आजवर सगळ्यात लांब गेला तो एवढाच, चिंचोक्यापासून ज्वारीपर्यंत. मंगळ हा हरभरा, २२८ मीटरवर. पुढचा गुरू म्हणजे सोललेला नारळ, पाऊण किलोमीटरच्या जरा पुढे. शनी जवळजवळ दीड किलोमीटरवर. तिथून वस्ती संपून शेतं लागतात. युरेनस आणि नेपच्यून ही दोन लिंबं अनुक्रमे पावणेतीन किलोमीटरच्या थोडं पुढे आणि साडेचार किलोमीटरवर. एवढं चालूनही आपण गोदावरीवरच्या ढालेगाव बंधाऱ्यापर्यंत पोचलेलो नसतो.

आता प्रकाशाचा वेग बघा. सेकंदाला तीन लाख किलोमीटर हा आकडा पोरं पाठ करतात आणि सोडून देतात. आपल्या मॉडेलमध्ये तो सेकंदाला तीस सेंटीमीटर होतो, म्हणजे दप्तरातली एक फूटपट्टी. दर सेकंदाला एक फूटपट्टी पुढे सरकवत गेलं, तर सूर्यापासून पृथ्वीपर्यंत सव्वाआठ मिनिटं लागतात. वर्गातला सगळ्यात आळशी पोरगाही रमतगमत चालत प्रकाशाला सहज मागे टाकेल. नेपच्यूनला तो तासा-दीड तासात पोचेल. प्रकाशाला चार तासांहून जास्त लागतील.

व्हॉयेजर-१ यान १९७७ मध्ये निघालं. माणसानं बनवलेली इतकी लांब गेलेली दुसरी वस्तू नाही. खऱ्या अवकाशात ते सेकंदाला १७ किलोमीटर धावतं. आपल्या मापानं दिवसाला दीड मीटर. इतकी वर्षं धावून ते पाथरीपासून २५ किलोमीटरच्या पुढे गेलंय, सरळ रेषेत मोजलं तर सेलू ओलांडून जरासं पलीकडे.

आणि सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी? तो या मापात फुटबॉलएवढा. पाथरीतून नाकासमोर पूर्वेला निघायचं, अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून परत पाथरीत यायचं आणि तिथेही न थांबता नांदेडच्या जरा पुढे जाऊन तो ठेवायचा. कारण अंतर भरतं ४० हजार १७५ किलोमीटरच्या आसपास आणि पृथ्वीचा घेर आहे ४० हजार ७५. मध्ये काहीच नाही. पाथरीच्या पंचक्रोशीतले आठ ग्रह, थोडी धूळ, धूमकेतू आणि मग पृथ्वीभर मोकळी जागा.

असं मोठेपण टेबलाबाहेर दाखवणारी एक जागा महाराष्ट्रात आहे. पाथरीहून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. विज्ञान दिनाला तिची दारं लोकांसाठी उघडतात, खेड्यापाड्यांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात, हजारोंची गर्दी होते. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एकेका तबकडीचं तोंड पावणेसोळा गुंठ्यांचं, तिसांचं मिळून पावणेबारा एकर. एवढं रान आकाशाकडे तोंड करून उभं आहे, तेही ज्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत त्या गोळा करण्यासाठी.

अशा दुर्बिणी जिथवर बघतात, तिथे आपलं मॉडेल कोलमडतं. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद. शंभर कोटी पटींनी लहान करूनही ती ९५ कोटी किलोमीटर भरते. खऱ्या सूर्यापासून खरा गुरू ७८ कोटी किलोमीटरवर आहे. शेजारची देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये तिची चिठ्ठी लावायची जागा साधारण २,३६५ कोटी किलोमीटरवर. तिथवर खरंखुरं यान पाठवायला व्हॉयेजरच्या वेगानं ४५ वर्षांच्या आसपास लागतात. प्रदर्शनाचा बक्षीस समारंभ बहुतेक त्याच दिवशी संध्याकाळी असतो.