किल्ली कोणाच्या हातीं?

ता. १९ मे २०२४ रोजीं पहांटे पुण्याच्या कल्याणीनगरांत भरधांव मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. मोटार चालविल्याचा आरोप १७ वर्षांच्या मुलावर आला. बाल न्याय मंडळानें कांहीं तासांतच त्यास जामीन दिला व ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हां लोकक्षोभ उसळला. परंतु गृहस्थानें त्यांतून घ्यावयाचा बोध निराळाच आहे.

मोटार वाहन कायद्यांत २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १९९-अ आलें. अल्पवयीनानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होतो. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते. मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाहीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ हें शाबीत करण्याचा भारही त्यांच्यावरच!

आमच्या देगलूरसारख्या गांवीं एकत्र कुटुंबांत गाडी थोरल्या काकांच्या नांवें, किल्ली ओसरीच्या खुंटीला, आणि पुतण्या सोळा वर्षांचा! प्रसंग ओढवल्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत काकाच उभे राहतील. न्यायालय मागाहून येतें. पहिला निवाडा वडीलधाऱ्यांनीं घरांतच करावयाचा असतो. तेव्हां वाचकहो, ती किल्ली आजच खुंटीवरून काढून कुलुपांत ठेवावी.