जुन्या स्की-बोटीचे वायरिंग आणि ओहमचा नियम

बोटीला बांधलेला दोर धरून, पायांत फळ्या अडकवून पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळाला वॉटर-स्कीइंग म्हणतात. १९२२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने तो प्रथम करून दाखवला. पुढे या खेळासाठी खास बोटी बनू लागल्या. १९७० ते १९९० या काळातील अशा कितीतरी बोटी तेथील सरोवरांवर अजून धावतात. त्यांची इंजिने शाबूत असतात, पण डॅशबोर्डामागच्या तारा मात्र ओलाव्याने आणि हादऱ्यांनी जीर्ण झालेल्या असतात. मग हौशी मालक सगळे वायरिंग नव्याने करतात. त्यांच्या अडचणी समजून घ्यायला दहावीपर्यंतचे पदार्थविज्ञान पुरते.

परतीची वाट

स्कूटरमध्ये किंवा मोटारीत बॅटरीचे ऋण टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे दिव्यापर्यंत एकच तार नेली तरी चालते. प्रवाह सांगाड्यातून परत येतो. स्की-बोटीचे अंग फायबरग्लासचे, म्हणजे विद्युतरोधक असते. येथे प्रत्येक उपकरणाला परतीची तारही द्यावी लागते. डॅशबोर्डामागे या सर्व तारा एका ठिकाणी जोडून तेथून एकच तार इंजिनाकडे नेलेली असते. हाच सांधा खराब झाला तर गंमत होते. दिवे लावताच तापमापकाचा काटा हलतो! पाणी तापलेले नसते. दिव्यांचा प्रवाह खराब सांध्यातून जाताना तेथे विभवांतर निर्माण होते, आणि त्याच सांध्यावर अवलंबून असलेला मापक चुकीचे दाखवतो.

थोडे गणित

इंजिनाच्या कप्प्यातील हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचे उदाहरण घेऊ. समजा, बॅटरीपासून डॅशबोर्डावरील बटणापर्यंत, तेथून पंख्यापर्यंत आणि परत अशी तारेची एकूण लांबी १२ मीटर आहे. २ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.००८६ ओहम असतो. म्हणजे एकूण रोध झाला ०.१ ओहम. पंखा ५ अँपिअर प्रवाह घेत असेल तर तारेतच ०.५ व्होल्ट खर्च होतील. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार अशा महत्त्वाच्या मंडलात ३ टक्क्यांहून, म्हणजे १२ व्होल्टमध्ये ०.३६ व्होल्टहून अधिक घट नसावी. येथे ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली की घट निम्मी होते.

आता एका सांध्यावर हिरवट थर चढून तेथे ०.३ ओहम रोध वाढला असे मानू. तोच प्रवाह असताना तेथे १.५ व्होल्ट घट होईल आणि ७.५ वॉट उष्णता एका बिंदूपाशी निर्माण होईल. प्लॅस्टिकचे आवरण मऊ पडायला एवढी उष्णता पुरते.

पंखा मंदावणे धोक्याचे का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणूनच इंजिन सुरू करण्यापूर्वी हा पंखा चार मिनिटे चालवावा, अशी सूचना बोटीवर लिहिलेली असते.

फ्यूज कोणासाठी?

फ्यूज उपकरणाला वाचवतो असा समज आहे. वास्तविक तो मुख्यतः तारेला वाचवतो. शॉर्टसर्किट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देते. फ्यूज डॅशबोर्डापाशी असेल, तर त्याच्या अलीकडची तार असंरक्षित राहते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून शक्यतो १८ सेंटिमीटरच्या आत बसवतात.

जुन्या बोटींत अँमीटर असे. तो एकसरीत जोडावा लागत असल्याने सारा प्रवाह डॅशबोर्डापर्यंत येऊन परत जाई, आणि वाटेतला प्रत्येक सांधा तापे. आता त्याजागी व्होल्टमीटर बसवतात. तो समांतर जोडला जातो आणि नाममात्र प्रवाह घेतो. अँमीटर काढल्यावर मात्र त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडाव्या लागतात. नाहीतर मंडल तुटलेलेच राहते.

काम सुरू करताना प्रथम बॅटरी सोडवतात, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधतात आणि आकृती काढतात. नवी तार कथिलाचा मुलामा दिलेल्या अनेक बारीक तारांची घेतात. एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते.

वर्गात करून पाहा

दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि होल्डर घ्या. मंडलात ‘खराब सांधा’ म्हणून पेन्सिलीचे शिसे जोडा. बल्ब काढून होल्डरच्या टोकांना व्होल्टमीटर लावा. जवळजवळ ३ व्होल्ट दिसतील. सांधा निर्दोष वाटेल. आता बल्ब बसवा. आकडा एकदम उतरेल. प्रवाह नसेल तर रोधापाशी विभवांतर पडत नाही, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. मग विचारा: बोटीतील सांधा तपासायचा, तर पंखा बंद ठेवून तपासावा की चालू ठेवून?