आजी-आजोबांनो, चला लगोरी मांडू!

तीर्थपुरीच्या वस्तीत बीपी तपासायला गेलो की आम्ही हमखास विचारतो, "आजी, दिवसभर काय करता?" उत्तर ठरलेलं असतं, "बसून राहते, सिस्टर. जन्मभर राबले, आता काय खेळायचं वय हाय का माय?"

बोलणं खोटं नाही. उसाच्या मोळ्या वाहून, कापूस वेचून ज्यांच्या कमरा वाकल्या, त्यांना 'व्यायाम करा' म्हणताना आम्हालाच संकोच वाटतो. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कष्टात तेच तेच सांधे झिजतात आणि कष्ट थांबले की पायातलं बळ ओसरतं, तोल जातो. मग न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, माणूस खाटेला खिळतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात सेवेसाठी एकाची मजुरी बुडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं आहे : ६५ वर्षांवरील माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढेल असं काही करावं. एकट्याने ठरवलं की चार दिवसांत सुटतं. संघात सुटत नाही. एक जण आला नाही, तर दुसरा दारात येऊन हाक मारतो. एकटेपणावरही हेच औषध आहे.

इंग्लंडमधल्या चेस्टरफिल्डला २०११ साली चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला. त्यात धावलं की फाऊल! दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात बेका न्त्सान्विसी यांनी आज्यांचा फुटबॉल संघच उभा केला.

आपल्याकडे लगोरी आहे. विहाराच्या अंगणात, सकाळच्या उन्हात, पाच-पाच जणांचे दोन संघ करा. वाकावं लागू नये म्हणून सात चपट्या लाकडी चकत्या स्टुलावर रचा. चेंडू चिंध्यांचा. नियम दोनच : धावायचं नाही आणि चेंडू अंगावर मारायचा नाही. एक संघ लगोरी फोडून पुन्हा रचतो. ती रचून होईपर्यंत दुसऱ्या संघाने चेंडू हातोहात सगळ्यांकडे फिरवायचा. लांब गेलेला चेंडू नातवंडं आणतील. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीत बसून झेलावा.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. आधी खांदे, घोटे सैल करा. जागा कोरडी, खडे वेचलेली हवी. पायात न घसरणारी चप्पल हवी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. हृदयविकार असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. खेळताना छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर लगेच थांबा. त्रास थांबला नाही तर १०८ ला फोन लावा.

सुना-लेकांना एक विनंती : "या वयात शोभतं का?" असं म्हणू नका. सकाळची अर्धी तास कामं तुम्ही उचला आणि आईला अंगणापर्यंत सोबत करा. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाला स्वतःसाठी खेळायचा हक्क आहे.