धूर काळा, नुकसान मालकाचे

गळीत हंगामात काट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. नंबर लांब असला तरी इंजिने भकभक चालूच! शेजारीच गाडीवान भाकरी खातात, तोडणी टोळीतली लेकरे निजतात. धूर त्यांच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला, हे आम्ही सभासद बंधूंच्या नजरेस आणू इच्छितो.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. तेही पैसे मोजूनच घेतलेले असते. हवा कमी पडली किंवा डिझेल जादा गेले की काजळी होते. आपल्याकडे पहिला गुन्हेगार एअर क्लीनर. फडातला नि रस्त्यावरचा फुफाटा त्यात बसतो. ऑइलबाथ असेल तर हंगामात त्यातले तेल वरचेवर बदलावे, वाटीतला गाळ खरवडून काढावा. कागदी फिल्टर चोंदला की नवाच घालावा. मग नोझल. झिजलेला नोझल बारीक फवारा मारीत नाही, थेंब गाळतो. हंगामाआधी मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. ताकद वाढावी म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढविणारे महाभागही आहेत. ताकद थोडी, धूर फार. ट्रॉल्या बेसुमार भरल्या तरी तेच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर कमी गंधकाचे डिझेल मिळते खरे, पण चोंदलेले इंजिन त्यानेही धूर ओकतेच.

राहिली रांग. ड्रायव्हर म्हणतात, "बंद केलं तर परत धक्का मारावा लागतो." तर मालकांनो, आधी बॅटरी अन् सेल्फ बघून घ्या.