चिमणीची प्रकृती

बुऱ्हाणपुरात एखादा कौलारू वाडा उतरवला जातो, तेव्हा मालक नव्या खोल्यांच्या हिशेबात असतो. वाशांतल्या बिऱ्हाडांना कोण विचारतो? सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत चिमणीने घरटे करावे तरी कोठे!

पण घर जाणे ही निम्मीच हकीगत. मोठी चिमणी दाण्यांवर जगते. पिलांना मात्र अळ्या-किडे लागतात. अंगणातली झाडे गेली, त्यांबरोबर किडेही गेले. अर्धपोटी वाढलेले पिलू रोगाला लवकर बळी पडते. शिवाय सततच्या धास्तीने पक्ष्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढे राहते आणि रोगाशी झुंजण्याची ताकद खचते. लंडनमध्ये २००६ ते २००९ या काळात तपासलेल्या चिमण्यांपैकी ७४ टक्के चिमण्यांत पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू सापडले. ज्या थव्यांत जंतूंचा भार अधिक, ते थवे घटत होते.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन झाला. त्या दिवशी गच्चीवर दाणे ठेवणाऱ्या वहिनींना एकच विनंती: ताटली रोज घासावी. एकीच्या विष्ठेतून दुसरीला आजार लागतो. आमच्या आळीत परवाचा आंबलेला भात अजून कठड्यावर तसाच आहे.