मर्यादित परवाना फुकटात पडत नाही

"बीडमध्ये डॉक्टर मिळत नाहीत ना? मग एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधं लिहू द्या. सरकारचा छदामही जात नाही!" पाटोद्यापासून परळीपर्यंत हे इतक्यांदा ऐकलंय की त्याचा हिशेब मांडायलाच हवा.

२०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा एक वर्षाचा 'सीसीएमपी' अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना आधुनिक औषधांची वाट मोकळी केली. २०२५ मध्ये वैद्यक परिषदेत त्यांची वेगळी नोंदवही करायचं ठरलं, तेव्हा १८ सप्टेंबरला राज्यभर डॉक्टरांनी संप केला. वाद उच्च न्यायालयातही गेला.

या डॉक्टरांना सरकार पगार देत नाही, हे खरं. पण ते खासगी दवाखाना टाकणार, फी रुग्णच मोजणार. आणि दवाखाना बीड शहरात नको, शिरूर कासारलाच टाका, अशी अट कुठे आहे? ज्या गावांच्या नावाने हे चाललंय, त्यांना डॉक्टर मिळेलच याची हमी नाही. शिवाय परवान्याला मर्यादा आखली की ती राखायला माणसं लागतात: नोंदवही बघणारे, तक्रारी तपासणारे, औषध निरीक्षक. रात्री दहाला चिठ्ठी हातात घेतलेल्या मेडिकलवाल्याने कुठल्या नोंदवहीत बघायचं? ही व्यवस्था उभारली नाही तर चुकीचं अँटिबायोटिक जातं, न्यूमोनिया उशिरा कळतो आणि रुग्ण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पोचतो. तिथली खाट सरकारी तिजोरीतूनच चालते. ऊसतोड बाईला तर फडावर एक दिवस गेली नाही की मुकादम खाडा, म्हणजे दंड लावतो. एकाच दुखण्यासाठी तिला दोन दवाखाने करायला लावणारा उपचार स्वस्त कसा?

विरोधकांचे दावेही तपासायला हवेत. "सर्वोच्च न्यायालयाने हे कायमचं बंद केलंय." नाही. १९९६च्या पूनम वर्मा खटल्यात ॲलोपॅथीची औषधं देणारे होमिओपॅथ दोषी ठरले, कारण त्यांना तसा कायदेशीर अधिकारच नव्हता. २०१४चा कायदा त्यानंतरचा.

"होमिओपॅथ म्हणजे बोगस डॉक्टर." हेही चूक. बीएचएमएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं आहे; वाद फक्त आधुनिक औषधांच्या प्रशिक्षणाचा आहे.

"पूर्ण पदवीवाल्याकडे निर्धास्त जावं." बीडने असं म्हणू नये. २०१९च्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांतल्या. देखरेख नसेल तर पूर्ण परवानाही घातक ठरतो. मग मर्यादित परवान्याला ती कमी कशी पुरेल?

म्हणून सरकारने परवान्याबरोबर निरीक्षकांची पदं आणि रुग्ण पुढे पाठवण्याची सोय अर्थसंकल्पात आकड्यांनिशी दाखवावी. आणि तुम्ही पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की डॉक्टरांची पदवी, नोंदणी क्रमांक आणि परिषदेचं नाव चिठ्ठीवर बघा. दिसलं नाही तर विचारा. तो तुमचा हक्क आहे.