वारीत टिकेल अशी खिशातली नोंदवही

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध दशमीला पालखी पंढरपुरात पोहोचते. अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या या वाटेवर दिंडीप्रमुखाला लक्षात ठेवावे लागते ते थोडे नसते. भिशी कोणाची आली, कोणाची राहिली. कोणाला मधुमेह आहे, कोणाची रक्तदाबाची गोळी सुरू आहे. घरच्यांचा नंबर, टँकरवाल्याचा नंबर. लोणंदला राहुट्या कुठे लागणार, वेळापूरला कुठे. किराणा किती उरला. पूर्वी हे सारे वहीत असे. आता ते बहुतेक फोनमध्ये गेले आहे. फोन घेताना मात्र आपण कॅमेरा पाहतो, रंग पाहतो, हप्ता पाहतो. नोंदवही म्हणून तो कसा आहे, हे क्वचितच विचारतो.

ते विचारायला हवे, कारण वारीसारखी कडक परीक्षा अशा यंत्राची दुसरीकडे होत नाही. पाऊस, चिखल, चार्जिंगसाठी रांग आणि लाखोंच्या गर्दीत एकेका टॉवरवर येणारा ताण. या वाटेवर जे टिकेल, ते चाकणच्या रात्रपाळीत, शेतावर आणि घरच्या हिशेबातही टिकेल.

आधी ठोकळा, मग यंत्र

तळहातावर मावणाऱ्या डिजिटल नोंदवहीला लोकप्रिय केले ते १९९६ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘पाम पायलट’ने. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला होता. कोणी भेटीची वेळ ठरवली की ठोकळा काढायचा, त्यावर लिहिल्यासारखे करायचे आणि पाहायचे, की आपल्याला नेमके काय टिपावे लागते. त्यातून चारच गोष्टी पुढे आल्या: पत्ते, तारखा, करायची कामे आणि छोटी टिपणे.

पहिल्या पायलटची स्मृती १२८ किलोबाइट होती, प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा. तरीही दोन ‘ट्रिपल ए’ सेलवर तो कित्येक आठवडे चाले. त्याचा प्रोसेसर दोन स्पर्शांच्या मधल्या वेळात झोपी जाई, आणि पडद्याला स्वतःचा उजेड नसल्याने तिथेही वीज वाचे. आजचा फोन खिशात असतानाही नेटवर्क शोधतो, ठिकाण कळवतो, संदेश ओढतो. बॅटरी कुठे जाते, याचे उत्तर बहुधा आपण न पाहिलेल्या कामांत असते. ही कामे बंद केली, तर आहे तोच फोन कितीतरी जास्त पुरतो.

मजकुराला जागा किती लागते

दुकानदार पहिल्यांदा साठवण किती ते सांगतो. नोंदींपुरते बोलायचे तर हा आकडा जवळपास निरर्थक आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या धरा. एका ओवीत सरासरी सत्तर चिन्हे मानली आणि आज प्रचलित असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात हे लक्षात घेतले, तर सारा ग्रंथ दोन मेगाबाइटच्या आत बसतो. पहिल्या पायलटला हे पेलले नसते, तसे पंधरा पायलट लागले असते. आज मात्र फोनने काढलेला एकच फोटो याहून मोठा असतो. शंभर-दोनशे वारकऱ्यांची यादी आणि महिनाभराचा हिशेब तर यात कुठेच दिसणार नाही. म्हणून जास्तीच्या साठवणीवर घालायचे पैसे चांगल्या बॅटरीवर आणि पाण्यापासून संरक्षणावर घालावेत.

ओले बोट, ओला पडदा

दिवे घाटात सर आली की फोन आपोआप कोणालाही लावला जातो, हा अनुभव अनेकांना असेल. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. आजच्या पडद्याच्या काचेखाली पारदर्शक वाहकांची बारीक जाळी असते. बोट टेकले की त्या जागेची विद्युत धारिता बदलते आणि फोनला स्पर्श कळतो. पाण्याचा थेंबही हाच बदल घडवतो. जुन्या पामच्या पडद्यावर दोन थर दाबाने एकमेकांना टेकत, त्यामुळे तिथे काडीनेही लिहिता येई.

चाकणच्या गोदामांत आणि कारखान्यांत बारकोड वाचणारी हातयंत्रे वापरणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून तसल्या यंत्राला खरी बटणे असतात, हातमोजा घालून चालवता येते, बॅटरी काढून दुसरी घालता येते आणि अंगावर ‘आयपी’ मानांकन असते. ‘आयपी ६७’ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही; ७ म्हणजे एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. ही चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. पावसाची धार किंवा साबणाचे पाणी तिच्यात धरलेले नसते, आणि रबरी सील जुने झाले की संरक्षण कमी होते. मानांकन असले तरी पारदर्शक जलरोधक पाऊच गळ्यात हवेच. दोनशे-तीनशे रुपयांच्या फोनकव्हरपेक्षा वारीत त्याचा उपयोग जास्त.

दहा हजारांचे गणित

सोबतच्या साधनांत पहिली येते पॉवर बँक. तिच्यावर १०,००० मिलिअॅम्पिअर-तास लिहिलेले असते आणि फोनची बॅटरी ५,००० ची असते, म्हणून दोनदा चार्ज होईल असे वाटते. पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ऊर्जा ३७ वॅट-तास. ती ५ व्होल्टपर्यंत चढवताना आणि पुन्हा फोनमध्ये भरताना काही भाग उष्णतेत जातो. हाती तीसेक वॅट-तास उरतात, फोनला एका वेळी सुमारे १९ लागतात. हिशेब दीड वेळेवर येतो. पॉवर बँकेवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते. खरेदी करताना तो आकडा वाचा.

दिंडीच्या वाहनावर चार्जर लावणार असाल, तर आणखी एक गोष्ट तपासा. मोठ्या ट्रकची विद्युतप्रणाली सहसा २४ व्होल्टची असते, जीपची आणि छोट्या टेम्पोची १२ ची. चार्जरवर ‘१२-२४ व्होल्ट’ असे छापलेले हवे. आणि फोनचे तोंड ओले असताना केबल लावू नका. पाण्यातून वीज वाहून आतले संपर्क गंजतात.

मराठीची परीक्षा

यंत्र मराठीचे आहे का, हे दुकानातच दोन मिनिटांत कळते. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ लिहा, ‘ळ’ आणि ‘अ‍ॅ’ लिहा, मग लिहिलेले शोधून पाहा. जे दिसत नाही किंवा सापडत नाही, ते पुढे रोज छळणार. बोलून टंकण्याची सोय उत्तम असते, पण बऱ्याचदा तिला इंटरनेट लागते. ते बंद करून एकदा बोलून पाहा.

लांब लिहिणाऱ्याला घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड उपयोगी पडतो. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आणि गावातल्या इतर संस्थांत शिकणाऱ्यांना कीर्तनाची टिपणे काढावी लागतात. अशांनी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकून घ्यावा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात, त्यामुळे लिहिण्याची लय लवकर बसते. मात्र तुमच्या फोनवर बाहेरच्या कीबोर्डने मराठी उमटते का, हे विकत घेण्याआधी पाहा.

फक्त वाचायचे असेल, तर ई-शाईचा वाचक घ्या. त्याच्या पडद्यात काळे आणि पांढरे भारित कण असतात. पान बदलतानाच ते हलतात आणि एरवी विजेविना जागच्या जागी राहतात. भर उन्हात अक्षरे स्वच्छ दिसतात.

नोंद बाहेर निघते का?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. यंत्र तीन-चार वर्षांत बदलते, नोंद मात्र पिढ्यान्‌पिढ्या लागते. नव्वदच्या दशकात अनेकांनी खासगी फॉन्टांत मराठी टंकले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आज त्या फायली अगम्य चिन्हे दाखवतात. अक्षरे आहेत, अर्थ हरवला आहे. ही चूक आपण अ‍ॅपच्या रूपाने पुन्हा करू नये.

म्हणून अ‍ॅप निवडताना विचारा: पत्ते ‘व्हीसीएफ’ मध्ये, तारखा ‘आयसीएस’ मध्ये, हिशेब ‘सीएसव्ही’ मध्ये आणि टिपणे साध्या युनिकोड मजकुरात काढता येतात का? या खुल्या रचना कोणत्याही कंपनीच्या यंत्रात उघडतात. मग एक प्रत फोनमध्ये, एक ओटीजी पेन ड्राइव्हवर आणि एक घरी. आजार, औषधे आणि घरचे नंबर यांची छापील प्रत विणेकऱ्याजवळ हवीच, कारण माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा फोनचा पासवर्ड विचारायला वेळ नसतो. अशी माहिती खासगी असते, म्हणून फोनला कुलूप आणि कागदाला जबाबदार हात, दोन्ही पाहिजेत.

प्रस्थानाच्या आठवडाभर आधी एक दिवस रंगीत तालीम करा. सकाळी फोन विमान मोडवर टाका, चार्जर कपाटात ठेवा आणि दिवसभराचे सगळे काम त्याच यंत्रावर करा. संध्याकाळी तो फोन हरवला असे समजून बाजूला ठेवा आणि दुसऱ्याच्या फोनवर, फक्त पेन ड्राइव्हच्या आधारे, दिंडीची यादी उघडा. ती उघडली, तर खरेदी योग्य झाली. नाही उघडली, तर दुरुस्तीला अजून सहा दिवस आहेत.